खऱ्या लढाईचा पिक्चर

युद्धपटांच्या बाबतीत मसुऱ्यात हरिश्चंद्र मास्तरांचा शब्द शेवटचा होता, कारण पहिला शब्द टाकणारासुद्धा गावात दुसरा कोणी नव्हता. शिक्षणासाठी म्हणून मास्तर काही वर्षं मुंबईला राहून आले होते. तिथे ते कॉलेजापेक्षा फोर्टातल्या थेटरांत जास्त बसले, हे त्यांना मिळालेल्या तिसऱ्या वर्गावरून उघड होतं. ‘‘ज्या ज्या देशानं लढाई केली आणि तिच्यावर सिनेमा काढला, तो मी पाहिलाय,’’ असं ते सांगत. ज्या देशानं लढाई करूनही सिनेमा काढला नाही, त्याच्याबद्दल त्यांना फारसा आदर नव्हता. शाळेत ते इतिहास शिकवत. पानिपतावर आले की अब्दालीनं काय केलं यापेक्षा कॅमेरा कुठे लावायला हवा होता, हेच पोरांच्या जास्त लक्षात राही.

शहाऐंशी साली एकाहत्तरच्या लढाईला पंधरा वर्षं होत होती. सोळा डिसेंबरला गावात दरवर्षी झेंडा, भाषण आणि पेढा असा कार्यक्रम व्हायचा. भाषण मास्तरांचं असे. पेढा आधी वाटला तर भाषणाला कोणी थांबत नसे, म्हणून तो शेवटी वाटत. पण पंधरावं वर्ष म्हणजे काहीतरी मोठं करायला हवं, असं वाचनालयाच्या बैठकीत ठरलं. लढाईत जाऊन आलेल्या दत्ताराम हवालदारांचा सत्कार करायचा, यावर एकमत झालं. मग मास्तर उभे राहिले.

‘‘भाषणं पुरे झाली,’’ ते म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून आल्यामुळे सगळे दचकून बसले. ‘‘या दिवशी गावानं एक अभिजात युद्धपट पाहावा. व्हिडिओ आणू. मी तीन नावं सुचवतो.’’

वाचनालयाचे अध्यक्ष भाई काजूचे व्यापारी होते. त्यांनी विचारलं, ‘‘गाणी किती?’’

‘‘एकही नाही.’’

‘‘बाईमाणूस?’’

‘‘पहिल्यात एक नर्स आहे. ती सुरुवातीलाच मरते.’’

‘‘आणि दुसऱ्यात?’’

‘‘दुसऱ्यात जहाज बुडतं. बुडायला पूर्ण दोन तास घेतं. काय घेतलंय भाई ते, पाणी अक्षरशः आपल्या नाकापर्यंत येतं.’’

भाईंनी नाकावरून हात फिरवला. समुद्र इथून लांब नव्हता, बुडालेली माणसं गावानं पाहिली होती. म्हणाले, ‘‘तिसरा सांगा.’’

तिसरा म्हणजे मास्तरांचा सगळ्यात आवडता. बर्फातली एक टेकडी, तिच्यावर अडकलेली एक तुकडी. खालून शत्रू, वरून थंडी. ‘‘शेवटी टेकडीवर एकही माणूस जिवंत राहत नाही,’’ मास्तर अभिमानानं म्हणाले, जणू त्यांनी स्वतःच सगळ्यांना निकालात काढलं होतं. ‘‘आणि महत्त्वाचं म्हणजे यात खोटं काही नाही. मधली कितीतरी दृश्यं खऱ्या लढाईत, खऱ्या रणांगणावर घेतलेली आहेत.’’

तिसऱ्यात निदान पाणी नव्हतं, म्हणून भाईंनी तो मंजूर केला. नेमका त्याच वेळी महादू चहा घेऊन आत आला. बाजारात त्याचं चहाचं हॉटेल होतं, आणि तिथे चहापेक्षा बातमी जास्त उकळत असे. ‘खरी लढाई’ एवढे दोन शब्द त्यानं किटलीबरोबर परत नेले.

हॉटेलात पोचेपर्यंत खऱ्या लढाईची एकाहत्तरची लढाई झाली. ते साहजिकच होतं, कारण गावाला ठाऊक असलेली खरी लढाई तीच. दुपारपर्यंत तिच्यात आपली मराठा पलटण आली. बाजार उठताना कोणीतरी म्हणालं, पलटण आहे म्हणजे मसुऱ्याचे जवानही दिसणार. आणि संध्याकाळी काजूच्या बागांमधून वाट काढत ती बातमी डोंगराकडच्या वाडीवर पोचली, तेव्हा तिच्यात एकच माणूस उरला होता. मथुराकाकीचा बाळा.

बाळा त्या लढाईच्या शेवटच्या दिवसांत गेला. गेला असं गाव म्हणे. सैन्याकडून आलेल्या तारेत ‘बेपत्ता’ लिहिलं होतं. दोन-तीन वर्षं वाट पाहून गावानं आपल्यापुरता निकाल लावला आणि शाळेसमोरच्या दगडावर वीरगती मिळालेल्यांत त्याचं नाव कोरायला घेतलं. तेव्हा मथुराकाकी वाडीवरून खाली आली होती. छिन्नी चालवणाऱ्या गवंड्याला तिनं विचारलं, ‘‘तू बगलंस तेका?’’ गवंडी म्हणाला, ‘‘नाय.’’ ‘‘मगे लिवतंस कित्याक?’’ एवढं बोलून ती परत गेली. नाव तरीही कोरलं गेलं. तेव्हापासून सोळा डिसेंबरला ती कधी शाळेकडे फिरकली नाही. ती काही रडत बसणारी बाई नव्हती. भात लावी, काजू गोळा करी, बांधावरच्या फणसासाठी शेजाऱ्याशी वर्षभर भांडे आणि फणस पिकला की त्याच शेजाऱ्याला गरे नेऊन देई.

अशी मथुराकाकी दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी पायरीवर बसलेली मास्तरांना दिसली.

‘‘मास्तरानू,’’ ती म्हणाली, ‘‘माझो बाळो किती वेळ दिसता?’’

मास्तरांना आधी काही कळलंच नाही. मग कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. ‘‘तुमका कोणी सांगल्यान काकी?’’

‘‘सगळो बाजार सांगता. तोंड दिसता की पाठ?’’

‘‘काकी, तो पिक्चर…’’

‘‘तोंड दिसला तर बरा. पाठी काय, सगळ्यांच्यो सारक्योच.’’

आता सांगायचं, असं मास्तरांनी ठरवलं. हा पिक्चर दुसऱ्या देशाचा, दुसऱ्या लढाईचा, बाळाच्या जन्माआधीचा. एवढं साधं वाक्य होतं. पण काकी वर मान करून त्यांच्याकडे बघत होती, आणि त्यांच्या तोंडून आलं ते भलतंच. ‘‘त्येच्यात खूप माणसा आसत काकी. गर्दी आसा.’’

‘‘आसूंदे. मी वळकतलंय,’’ ती म्हणाली. कुळथाच्या पिठाची पुरचुंडी तिनं त्यांच्या हातात दिली आणि गेली.

विमलानं, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं, त्या पिठाची पिठी केली. मास्तर ती भातात नुसतीच कालवत बसले. काय झालं ते त्यांनी सांगितल्यावर विमला म्हणाली, ‘‘मगे जावन सांगा तिका. लांब काय आसा?’’

‘‘काय सांगू? तुझो झील पिक्चरात नाय म्हणान? इतकी वर्सा सगळे तिका सांगतत, तो जगात नाय. ता ती आयकूक नाय. माझा आयकतली?’’

‘‘ता आयकूक नाय, म्हणान ह्या सांगूचा नाय?’’

आपल्याऐवजी दुसऱ्या कोणीतरी सांगावं, हा शहाण्या माणसाचा जुना उपाय. तो घेऊन मास्तर दत्ताराम हवालदारांकडे गेले. हवालदार बाळाच्याच तुकडीत होते. लढाईतून ते एक कान बहिरा करून घेऊन आले होते, आणि लढाईबद्दल कोणी विचारलं की नेमका तोच कान पुढे करत. आत्ता ते पोफळीच्या बागेत पाणी लावत होते. मास्तरांचं सगळं बोलणं त्यांनी चांगल्या कानानं ऐकून घेतलं.

‘‘माका तिका काय सांगूक सांगतास?’’ ते म्हणाले. ‘‘थंय काळोख होतो. पाण्याचो कालवो होतो. धा-बारा जण फुडे गेले, थोडे परत इले. बाळो येवक नाय. मी तेका पडताना बगूक नाय. गाव म्हणता, हवालदारानू, शूरपणान मेलो असा तिका सांगा. मी बगूक नाय, तर सांगू कसा?’’

‘‘पण पिक्चरात नाही, एवढं तरी…’’

‘‘पिक्चर तुमी आणलास,’’ हवालदार म्हणाले. मग पाण्याची वाट बदलत पुढे म्हणाले, ‘‘आणि माझा आयकशात तर ह्या कायच नको. हसवणारो एकादो लावा. त्या दिवशी आमका कोणाक लढाई बगूची हौस नसता.’’

हा सल्ला मास्तरांना पटला. इतका, की ते तसेच कणकवलीला गेले. तिथे बाबली व्हिडिओवाला होता. आंगणेवाडीच्या जत्रेत तंबू ठोकून तो पिक्चर दाखवत असे, आणि त्याच्याकडे पिक्चरचे दोनच प्रकार होते, देवाचे आणि फायटिंगचे. मास्तरांच्या मेव्हण्यानं मुंबईहून एस्टीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवलेली टेकडीची कॅसेट बाबलीकडे आधीच येऊन पडली होती.

‘‘बाबली, पिक्चर बदलूचो आसा,’’ मास्तर म्हणाले. ‘‘एकादो हसवणारो दे.’’

बाबलीनं हातातला ब्रश खाली ठेवला. ‘‘आता कसो बदलतलो? बोर्ड रंगवून झालो. एक स्टँडावर लागलोसुदा.’’

बोर्ड भिंतीला टेकवून वाळत ठेवला होता. त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं: ‘खऱ्या लढाईचा खरा पिक्चर. मसुऱ्याच्या वीर जवानांसह. महिलांसाठी बसण्याची वेगळी सोय.’ खाली बंदूक घेतलेला एक जवान होता. त्याला बाबलीनं भरघोस मिशा दिल्या होत्या आणि मागे दोन माड काढले होते.

‘‘ह्या कोणी लिवूक सांगल्यान?’’

‘‘महादून. तुमचा नाव घेवन सांगल्यान. धामापूरसून माणसांचो टेंपो येतासा. आता तेंका काय हसवणारो दाखवू? माका मारतले.’’

परतीच्या एस्टीत मास्तर खिडकीशी बसले आणि मसुरं येईपर्यंत त्यांनी एकाच गोष्टीचा विचार केला. चित्रपटाची ओळख करून द्यायला आपण उभे राहणार. तेव्हा सगळ्यांसमोर स्पष्ट सांगून टाकायचं. एकटीला सांगायला जीभ वळत नाही, पण गावाला सांगायला काय अडचण आहे? गावाला तर ते पंधरा वर्षं सांगतच आले होते.

सोळा तारखेला ऊन कलल्यापासून शाळेचं पटांगण भरायला लागलं. दोन बाकांवर टेबल आणि टेबलावर टीव्ही, असा बाबलीनं मनोरा केला होता. मथुराकाकी सगळ्यांच्या आधी आली होती. जत्रेला नेसायचं लुगडं नेसून, स्वतःची चटई घेऊन, टीव्हीच्या इतकी जवळ बसली होती की बाबलीला वायर तिच्या पाठीमागून न्यावी लागली. हवालदारांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ. चार शब्द बोला म्हटल्यावर त्यांनी मोजून तीन उच्चारले, ‘‘बसा. सुरू करा.’’

मग मास्तर उठले. घसा खाकरला. समोर काकी मान वर करून त्यांच्याकडे बघत होती, पायरीवरून बघितलं होतं तशीच. आणि मास्तरांची साधी भाषा कुठल्या कुठे पळून गेली.

‘‘प्रस्तुत चित्रपटाबाबत काही गैरसमज प्रसृत झाल्याचे निदर्शनास आले आहे,’’ ते म्हणाले. ‘‘तरी सुज्ञ प्रेक्षकांनी कृपया ध्यानी घ्यावे, की यातील घटनांचा तथा व्यक्तिरेखांचा आपल्या परिसराशी प्रत्यक्ष संबंध संभवत नाही.’’

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. महादू शेजाऱ्याला म्हणाला, ‘‘बगलंस? मास्तरान सोताच्या तोंडान सांगल्यान.’’

पिक्चर सुरू झाला. काळा-पांढरा. बर्फ पडत होतं, आणि व्हिडिओच्या मुंग्यांमुळे ते दुप्पट पडत होतं. बर्फातून माणसं वाकून चालली होती. ती बोलायला लागली तेव्हा पटांगणात चुळबुळ झाली.

‘‘ही खयची भाषा?’’

‘‘मिल्ट्रीची,’’ महादू म्हणाला.

‘‘पण ही इतकी गोरी कशी?’’

‘‘बर्फात ऱ्हवलंस तर तूय होशीत.’’

एकदा असं ठरल्यावर लोकांना ओळखी पटायला वेळ लागला नाही. एकाला कुडाळचा कोणी दिसला, एकाला बायकोचा मामा. चेहरे सगळ्यांचेच चिखलानं माखलेले, त्यामुळे कोणाचीच गैरसोय होत नव्हती.

मग टेकडीवरचा पहिला माणूस पडला. मथुराकाकी उठली. टीव्हीपाशी गेली, वाकली आणि काचेला जवळजवळ नाक लावून त्या माणसाचं तोंड बघितलं. ‘‘न्हय,’’ म्हणाली आणि परत येऊन बसली. मागे हशा पिकला. थोड्या वेळानं दुसरा पडला. काकी पुन्हा उठली, पुन्हा वाकली. ‘‘न्हय.’’ तिसऱ्या खेपेला धामापूरच्या टेंपोतला एक जण ओरडला, ‘‘गे म्हातारे, बस खाली. आमका दिसना नाय.’’ चौथा आणि पाचवा एकदमच पडले. ती पोचेपर्यंत पिक्चर पुढे गेला होता, आणि पडद्यावर नुसतंच बर्फ होतं. काकी त्या बर्फाकडे बघत उभी राहिली.

‘‘ते खंय गेले?’’ तिनं बाबलीला विचारलं. ‘‘मी एकाचाय तोंड बगूक नाय.’’

हवालदार पाहुण्यांच्या खुर्चीवरून उठले. खांद्यावर सत्काराची शाल तशीच होती. ते काकीच्या चटईवर जाऊन बसले.

‘‘बाबली, मागे घे,’’ ते म्हणाले. ‘‘आणि माणूस पडलो की थांबव.’’

‘‘हवालदारानू, असा थांबवलंय तर पिक्चर…’’

‘‘थांबव म्हटलंय.’’

बाबलीनं कॅसेट मागे घेतली आणि बटण दाबलं. चित्र थरथरत थांबलं. मेलेल्या माणसाच्या कपाळावरून पांढऱ्या रेघा सरकत होत्या. हवालदारांनी काकीच्या कोपराला हात देऊन तिला पुढे नेलं. तिनं नीट, सावकाश बघितलं.

‘‘न्हय.’’

‘‘फुडे घाल,’’ हवालदार म्हणाले.

मास्तर मागे उभे होते. पुढे काय आहे हे सगळ्या पटांगणात त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं. या टेकडीवर कोणीच वाचत नाही, आणि त्यातल्या प्रत्येकाचं मरण दिग्दर्शकानं वेगळं, जवळून घेतलेलं आहे. मुंबईत असताना मित्रांना त्यांनी हेच हातवारे करून सांगितलं होतं. काय घेतलंय म्हणून.

पिक्चर दर थोड्या वेळानं थांबत होता. लोकांनी काही वेळ कळ काढली. मग धामापूरचा टेंपो निघाला. मग चुली खोळंबलेल्या बायका उठल्या. भाई ‘‘जरा येतंय’’ म्हणून गेले ते गेलेच. ज्या माणसाला पडद्यावर बायकोचा मामा दिसला होता, तो मामा मरायच्या आधीच उठून गेला. महादूनं मात्र कोणी न सांगता काकीला चहा आणून दिला आणि खालच्या मानेनं किटली घेऊन बाजूला बसला.

मास्तर पुढे गेले. चटईवर जागा नव्हती, म्हणून मातीतच बसले. पडद्यावर एक पोरगेला शिपाई धडपडत वर चढत होता. तो पडला, आणि मास्तरांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. ‘‘थांबव.’’

काकी उठली. याच्यापाशी ती बराच वेळ थांबली. हवालदारांनी शालीचं टोक मुठीत धरलं. मास्तरांना वाटलं, आता ही ‘हो’ म्हणणार, आणि मग आपण काय करायचं?

‘‘न्हय,’’ काकी म्हणाली. ‘‘पण कोणाचो तरी आसतलो.’’

शेवटी टेकडी उरली. तिच्यावर कोणी नव्हतं. वाऱ्यात एक फाटकं निशाण हलत होतं आणि मागे वाजंत्री लागली होती. मास्तर या दृश्याला नेहमी उभे राहत. आज बसूनच राहिले.

‘‘संपलो?’’ काकीनं विचारलं.

‘‘संपलो,’’ हवालदार म्हणाले.

‘‘माझो बाळो नाय ह्येच्यात.’’

‘‘नाय काकी,’’ मास्तर म्हणाले. ‘‘तो कधीच नव्हतो. हो दुसऱ्या देशाचो पिक्चर. मी तुमका त्याच दिवशी सांगूक व्हया होता.’’

काकीनं त्यांच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. होता तो सुटकेसारखा काहीतरी भाव, आणि मास्तर पुढे कितीतरी दिवस तो आठवत राहिले.

‘‘नाय ताच बरा,’’ ती म्हणाली. ‘‘ह्येच्यात होते ते सगळे मेले.’’

तिनं चटई गुंडाळली. हवालदार तिला वाडीपर्यंत सोडायला निघाले. दोन पावलं गेल्यावर ती वळली. ‘‘मास्तरानू, तुमी खूप पिक्चर बगलात म्हणतत. फुडल्या वर्साक ज्येच्यात एकादो घराक येता, तसलो लावा.’’

‘‘लावतंय काकी,’’ मास्तर म्हणाले.

घरी पोचेपर्यंत ते आठवत होते. खंदकांतले, जहाजांतले, वाळवंटातले, सगळे. एकात एक जण घरापर्यंत आला होता खरा, पण फाटकात कोसळला होता. दुसऱ्यात आला, तर घरच जागेवर नव्हतं. जे अभिजात होते त्यांत कोणी आलंच नव्हतं. म्हणून तर ते अभिजात.

विमला पान वाढून बसली होती. मास्तरांनी काकीची मागणी तिला सांगितली आणि असा एकही आठवत नाही म्हणाले.

विमलानं थोडा विचार केला. ‘‘मगे दशावतार ठेवा,’’ ती म्हणाली. ‘‘थंय मेलेलो राक्षस पडद्यामागे जावन उठता आणि चाय पिता.’’

‘‘दशावताराला युद्धपट म्हणत नाहीत,’’ मास्तर सवयीनं म्हणाले, आणि मग खाली मान घालून जेवायला लागले.